भुलेआधीची शिदोरी

हेब्बाळ हे बंगळूर शहराच्या उत्तरेकडील प्रवेशद्वार होय. बळ्ळारी रस्ता येथून शहरात शिरतो. रस्त्यालगत एक जुने, विस्तीर्ण तळे आहे आणि आसपास लहानमोठी रुग्णालये उभी आहेत. बेळगाव, निपाणी, बिदर या भागांतून उपचारांसाठी बंगळुरास येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काहींची पावले या रुग्णालयांकडे वळतात. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, परिचारिका कन्नड किंवा मल्याळममध्ये बोलतात, आणि रुग्ण मान डोलावतो. त्या मान डोलावण्यात कळल्याची खूण किती आणि संकोच किती, हे सांगणे कठीण असते.

माझे वास्तव्य हेब्बाळात आहे आणि शास्त्रीय लेखनाचा मराठी अनुवाद करणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे माझी आत्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी निपाणीहून येथे आली, तेव्हा डॉक्टरांचे म्हणणे तिला समजावून सांगण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. आत्या साठीच्या पुढची, अंगाने स्थूल आणि चार पायऱ्या चढल्या की दम लागणारी. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी सांगितले, "उद्या टेबलाची डोक्याकडची बाजू उंच करू, तोंडावर मास्क घट्ट बसवू, तीन मिनिटे प्राणवायू देऊ आणि थोडा दाबही ठेवू." मी प्रत्येक शब्द बिनचूक मराठीत सांगितला. आत्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "ऑक्सिजन लावणार? एवढं झालंय काय गं मला?"

मी शब्द सांगितला होता, अर्थ सांगितला नव्हता. आपल्या घराघरांत "ऑक्सिजन लावला" या दोन शब्दांचा अर्थ एकच होतो, आणि २०२१ सालच्या उन्हाळ्यानंतर तर तो अधिकच गडद झाला आहे. आत्याच्या भयाला आणखीही एक कारण होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुसऱ्या गावी तिची शस्त्रक्रिया झाली होती. तेथे तिला सपाट उताणी निजवले गेले, काही न सांगता मास्क चेहऱ्यापाशी आणला गेला, तिला कोंडल्यासारखे झाले आणि तिने तो हाताने दूर लोटला. सुदैवाने पुढे काही विपरीत घडले नाही. परंतु तो कोंडलेपणा तिच्या मनातून गेला नव्हता.

या लेखातील माझे म्हणणे त्या दोन अनुभवांच्या तुलनेतून निघाले आहे. भूल देण्यापूर्वीचा प्राणवायू हा उपचाराचा एक स्वतंत्र भाग आहे. तो देताना रुग्णाची पाठ उंच ठेवणे हा सर्वसाधारण नियम असावा, आणि सपाट निजवायचे झाल्यास त्याला कारण असावे. ज्यांची फुप्फुसे सहज मिटतात अशांना त्यासोबत सौम्य दाबही द्यावा. आणि हे सर्व रुग्णाला त्याच्या भाषेत आदल्या दिवशीच समजावलेले असावे. असे का, ते आता क्रमाने पाहू.

साठ्याचे गणित

भुलेचे औषध शिरेतून गेले म्हणजे मिनिटाच्या आत रुग्णाची शुद्ध हरपते. त्यासोबत स्नायू शिथिल करणारे औषध दिले की त्याचा श्वासही थांबतो. मग भूलतज्ज्ञ त्याच्या श्वासनलिकेत नळी बसवतो आणि यंत्राच्या साह्याने श्वसन पुन्हा सुरू करतो. बहुतेक वेळा हे काम थोडक्यात उरकते. परंतु एखाद्याची मान आखूड असते, जबडा लहान असतो, घशाची वाट दिसत नाही. अशा वेळी दुसरा आणि तिसरा प्रयत्न करावा लागतो. मधल्या काळात शरीराचा खर्च थांबत नाही. मेंदू आणि हृदय प्राणवायू मागतच असतात.

हा खर्च किती? विश्रांत अवस्थेतील प्रौढ माणसाचे शरीर दर मिनिटास सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. आता साठा पाहू. आपण सहज उच्छ्वास टाकतो तेव्हा फुप्फुसे पूर्ण रिकामी होत नाहीत. त्यांत सुमारे अडीच लिटर हवा शिल्लक राहते. श्वास थांबला की ही शिल्लक हवा हेच आपले कोठार. परंतु त्या कोठारातील बराचसा भाग नत्रवायूने व्यापलेला असतो, आणि नत्रवायूचा शरीराला या कामी काही उपयोग नाही. प्राणवायूचा वाटा शेकडा १४ च्या आसपास, म्हणजे सुमारे ३५० मिलिलिटर. दीड मिनिटाचा खर्चही त्यात भागत नाही. रक्तातही प्राणवायू असतो. पण तो वापरू लागणे म्हणजे रक्तातील प्रमाण घसरू लागणे, आणि तेच तर टाळावयाचे आहे.

आता नत्रवायूची जागा प्राणवायूने भरून काढली तर? घट्ट बसलेल्या मास्कमधून शुद्ध प्राणवायूचा श्वास घेतला की प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडा नत्रवायू बाहेर पडतो. अमेरिकेतील हॅमिल्टन आणि ईस्टवुड या भूलतज्ज्ञांनी १९५५ साली मोजमाप करून दाखवले की, सहज श्वासोच्छ्वासाने दोन-तीन मिनिटांत हा नत्रवायू जवळजवळ सर्व धुऊन निघतो. घाई असेल तेव्हा एका मिनिटात आठ खोल श्वास घेऊनही बरेचसे साधते, असे बैरूत येथील बराका यांच्या गटाने १९९९ साली दाखवले. साठ्यातील प्राणवायूचे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास आले की अडीच लिटरांच्या कोठारात सव्वादोन लिटर प्राणवायू मावतो. त्याला दर मिनिटाच्या २५० मिलिलिटरांनी भागले तर आठ-नऊ मिनिटे मिळतात. निरोगी प्रौढास सुमारे आठ मिनिटे, मध्यम आजाऱ्यास सुमारे पाच आणि अतिस्थूल व्यक्तीस जेमतेम तीन, असा अंदाज १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीतही आला होता.

प्रवासाला निघण्यापूर्वी घरची बाई शिदोरी बांधून देते. वाटेत अन्न मिळेलच अशी आशा असते, पण भरवसा नसतो. भुलेआधीचा प्राणवायू ही तशीच शिदोरी आहे. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली तर तिची गरजही भासत नाही. न बसली तर तिच्यावरच सारे अवलंबून असते. आणि कोणाची वाट खडतर निघेल हे नेहमीच आधी ओळखता येत नाही. म्हणून शिदोरी सर्वांनाच बांधावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२० नंतर बोटावर लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला आहे, आणि "आकडा ९८ आहे ना, मग प्राणवायू कशाला?" असा प्रश्न शिकलेली माणसेही विचारतात. हे यंत्र रक्तरंजक द्रव्य प्राणवायूने किती भरले आहे ते सांगते. फुप्फुसांतील कोठार किती भरले आहे ते सांगत नाही. प्राणवायू देण्यापूर्वीही आकडा ९८ असू शकतो आणि तीन मिनिटांनंतर तो ९९ किंवा १०० दिसेल. वरवर एका-दोघांचा फरक. परंतु मधल्या काळात कोठारातील साठा सहापट झालेला असतो. खिशातील नाण्यांवरून घरातील धान्याचा अंदाज करावा, तसेच हे. कोठार भरले की नाही हे पाहावयाचे तर उच्छ्वासातील प्राणवायूचे प्रमाण मोजावे लागते, आणि भूल देण्याच्या आधुनिक यंत्रांवर ते दिसते.

उशीचा उतार

आतापर्यंत आपण कोठार अडीच लिटरांचे धरले. परंतु ते नेहमी तेवढे राहत नाही. आमच्या हेब्बाळच्या तळ्याकडे पाहताना हे मला नेहमी जाणवते. बांध घालून पावसाचे पाणी अडवण्यासाठी अशी तळी बांधली गेली. तळ्यात किती पाणी मावेल हे वरून पडणाऱ्या पावसावर जितके अवलंबून असते, तितकेच तळाशी किती गाळ साचला आहे यावरही असते. पाऊस भरपूर पडला तरी गाळाने व्यापलेली जागा पाण्याला मिळत नाही.

फुप्फुसांच्या तळाशी श्वासपटल आहे आणि त्याच्या खाली पोटातील इंद्रिये आहेत. आपण उभे किंवा बसलेले असताना ही इंद्रिये आपल्या वजनाने खाली राहतात आणि श्वासपटलाला उतरण्यास जागा देतात. उताणे निजलो की तीच इंद्रिये छातीकडे सरकतात आणि श्वासपटलाला वर ढकलतात. एवढ्यानेच शिल्लक हवेत पाऊण ते एक लिटर घट होते. भूल लागल्यावर स्नायूंचा ताण जातो आणि आणखी सुमारे अर्धा लिटर कमी होतो. पोट मोठे असेल तर घट याहूनही अधिक होते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत वाढलेले गर्भाशय श्वासपटल वर लोटते आणि शरीराचा प्राणवायूचा खर्चही वाढलेला असतो. म्हणजे कोठार लहान आणि खाणारी तोंडे दोन.

हे ज्ञान आपल्या घरांना नवे नाही. दम्याने कासावीस झालेल्या आजोबांना कोणी आडवे करीत नाही. पाठीमागे लोड देऊन, उशांची चळत लावून त्यांना बसवते. असे करणाऱ्या आजीने श्वासपटलाचे नाव ऐकलेले नसते. तिने केवळ पाहिलेले असते की बसलेल्या माणसाला श्वास सोपा जातो. हेब्बाळातच १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घोड्यासारख्या मोठ्या जनावरास भूल देऊन पाठीवर निजवले की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो आणि रक्तातील प्राणवायू घसरू शकतो, हा धडा पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकावाच लागतो. जनावर असो वा माणूस, भार खालच्या दिशेनेच पडणार.

घरच्या या अनुभवाला मोजमापाची जोड २००५ साली मिळाली. ऑस्ट्रेलियात ४२ अतिस्थूल रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला सपाट निजवून आणि दुसऱ्याला डोक्याकडची बाजू २५ अंश उंच करून प्राणवायू दिला. भूल दिल्यानंतर, श्वास थांबलेला असताना, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण शेकडा ९२ वर येण्यास सपाट गटात सरासरी १५५ सेकंद लागले, तर उंच गटात २०१ सेकंद. त्याच वर्षी स्थूल नसलेल्या रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, २० अंशांच्या चढाने शेकडा ९५ पर्यंतचा अवधी २८३ सेकंदांवरून ३८६ सेकंदांवर गेला. औषध तेच, प्राणवायू तोच, डॉक्टरही तसेच. बदलला तो केवळ टेबलाचा कोन. त्या कोनाला पैसा पडत नाही. चढ देणारे टेबल नसेल तर घडी घातलेल्या चादरी आणि उशा यांनीही पाठ, खांदे व डोके उतारावर ठेवता येतात. तालुक्याच्या रुग्णालयातही हे होऊ शकते.

पेल्यातील पाण्याचा दाब

आता दाबाकडे वळू. दाब म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठी यंत्रे येतील; म्हणून विद्यार्थ्यांनी प्रथम एक साधा प्रयोग करून पाहावा. उंच पेल्यात पाणी घ्यावे, शरबत पिण्याची नळी त्यात दहा सेंटिमीटर बुडवावी आणि हळूहळू फुंकावे. बुडबुडे निघू लागतील तेव्हा तोंडात जो दाब असेल तो पाण्याच्या दहा सेंटिमीटरांइतका होय. नळी पाच सेंटिमीटरच बुडवली तर दाब निम्मा. भूलतज्ज्ञ मास्कमधून ठेवतो तो दाब बहुधा याच पाच ते दहा सेंटिमीटरांच्या दरम्यान असतो. नवजात बालकांच्या कक्षात तर पाण्यात बुडवलेल्या नळीनेच हा दाब ठेवण्याची पद्धत आजही वापरात आहे.

एवढ्याशा दाबाने काय साधते? फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश आहेत. उच्छ्वासाच्या शेवटी, विशेषतः उताणे निजलेले असताना, पाठीकडचे आणि तळाकडचे काही वायुकोश मिटू पाहतात. मिटलेल्या कोशाच्या भोवतीने रक्त वाहते, पण त्याला प्राणवायू मिळत नाही. उच्छ्वासाच्या शेवटीही थोडा दाब राहिला तर हे कोश उघडे राहतात, कोठार मोठे राहते आणि रक्त रिकाम्या हाताने परत जात नाही.

शुद्ध प्राणवायूचा एक दोषही येथे सांगितला पाहिजे. नत्रवायू निरुपयोगी असला तरी तो रक्तात फारसा शोषला जात नाही आणि वायुकोशांना आतून आधार देतो. कोशात केवळ प्राणवायू भरला आणि कोशाचे दार बंद झाले, तर रक्त तो सारा शोषून घेते आणि कोश मिटतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात शेकडा १००, ८० आणि ६० अशा तीन प्रमाणांत प्राणवायू देऊन तुलना केली गेली. शंभर टक्क्यांना श्वासविरामाचा सुरक्षित अवधी ४११ सेकंद, ऐंशी टक्क्यांना ३०३ आणि साठ टक्क्यांना २१३ सेकंद मिळाला. परंतु फुप्फुसाच्या छेदचित्रात मिटलेला भाग अनुक्रमे शेकडा ५.६, १.३ आणि ०.२ आढळला. म्हणजे साठा वाढवावा तर मिटण्याचा धोका, आणि तो टाळावा तर साठा कमी. या पेचातून वाट काढण्याचे एक साधन म्हणजे हा सौम्य दाब होय.

स्वित्झर्लंडमध्ये २००५ साली अतिस्थूल रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, प्राणवायू देताना आणि भूल दिल्यावरही पाण्याच्या दहा सेंटिमीटरांइतका दाब राखला असता सुरक्षित अवधी १२७ सेकंदांवरून १८८ सेकंदांवर गेला. एक मिनिटाची भर. निवांत वाचकाला मिनिट क्षुल्लक वाटेल; ज्याच्या हाती नळी आहे आणि वाट दिसत नाही, त्याला विचारावे. अतिदक्षता विभागातील व तातडीच्या कक्षातील रुग्णांबाबत याहून मोठा पुरावा २०२४ साली अमेरिकेतून आला. तेथे १,३०१ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. नळी घालण्यापूर्वी घट्ट मास्कमधून दाबाने श्वास दिलेल्या गटात प्राणवायूची धोकादायक घसरण शेकडा ९.१ जणांत झाली, तर साध्या मास्कने प्राणवायू दिलेल्या गटात शेकडा १८.५ जणांत. निम्म्याहून कमी. हृदयक्रिया बंद पडण्याचे प्रसंगही पहिल्या गटात कमी घडले.

भारतीय भूलतज्ज्ञांनीही या विषयाची दखल घेतली आहे. अखिल भारतीय स्तरावरील कठीण श्वासमार्ग संघटनेने २०१६ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी काही सूचनांच्या प्रथम लेखिका डॉ. शीला नैनन म्यात्रा या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील भूलतज्ज्ञ आहेत. अतिदक्षता विभागासाठीच्या सूचनांत, फुप्फुसांचा विकार असलेल्यांना दाबाने प्राणवायूचा साठा करून द्यावा आणि नळी घालण्याच्या काळात नाकावाटे दर मिनिटास १५ लिटर प्राणवायू चालू ठेवावा, असे सांगितले आहे. म्हणजे वाटेला लागल्यावरही शिदोरीत भर पडत राहावी.

आक्षेपांचा विचार

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग प्रश्नच मिटला. सर्वांना बसवा आणि सर्वांना दाब द्या. शास्त्र असे एका दमात बोलत नाही, आणि अनुवादकानेही बोलू नये.

पहिला आक्षेप प्रयोगाचाच आहे. २०१७ साली अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत २६० रुग्णांवर नळी घालतानाच्या दोन आसनांची तुलना झाली. पाठ उंच ठेवल्याने प्राणवायूची घसरण कमी होईल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. उलट उंच आसनात घशाची वाट दिसणे आणि नळी घालणे अधिक कठीण गेले. हा निष्कर्ष दडपून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्यातून काय निघते हेही नीट पाहावे. साठा भरण्याची वेळ आणि नळी घालण्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. साठा भरताना पाठ उंच असावी आणि नळी घालताना भूलतज्ज्ञाच्या हाताला व डोळ्याला जे सोयीचे असेल ते आसन असावे, यात विरोध नाही. टेबल हलवता येते.

दुसरा आक्षेप रक्तदाबाचा. डोके उंच केले आणि छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. ज्याचे रक्त बरेच वाहून गेले आहे किंवा ज्याचा रक्तदाब आधीच ढासळला आहे, त्याला यामुळे अपाय होऊ शकतो. मणक्याला इजा झालेल्यास कमरेत वाकवता येत नाही. तेथे फार तर सबंध टेबलच तिरपे करता येते. चेहऱ्याला मोठी जखम असेल तर मास्क घट्ट बसत नाही. पोट भरलेले असेल तर दाब जपून द्यावा लागतो. तो पाण्याच्या वीस सेंटिमीटरांच्या पुढे गेला तर हवा अन्ननलिकेत शिरून पोट फुगण्याचा आणि उलटी श्वासमार्गात जाण्याचा धोका वाढतो. हे निर्णय भूलतज्ज्ञाचे आहेत आणि त्याचेच राहिले पाहिजेत.

तिसरा आक्षेप वेळेचा. दिवसाला पंधरा शस्त्रक्रिया होणाऱ्या ठिकाणी प्रत्येकी तीन मिनिटे म्हणजे पाऊण तास. हा हिशेब खरा आहे. परंतु ती तीन मिनिटे रुग्णाच्या मालकीची आहेत असे माझे मत आहे. पुढे अडचण आलीच तर त्याच मिनिटांची परतफेड त्याला मिळायची असते. ती वाचवून आपण वेळ वाचवीत नाही. दुसऱ्याच्या शिदोरीतून घास काढतो.

या सर्व आक्षेपांना योग्य ते वजन देऊनही माझे म्हणणे ढळत नाही. आज अनेक ठिकाणी सपाट निजवणे हा रिवाज आहे आणि उंच करण्यास कारण लागते. हा क्रम उलटा व्हावा. ज्याला उंच आसन बाधेल त्याला अवश्य सपाट ठेवावे. पण तो विचारपूर्वक केलेला अपवाद असावा, सवयीने झालेला नियम नसावा.

समजावण्याचे काम

शेवटची गोष्ट भाषेची. शस्त्रक्रियेच्या इतर बहुतेक अंगांत रुग्णाने काही करावयाचे नसते. तो निद्रिस्त असतो. परंतु प्राणवायूच्या त्या तीन मिनिटांत तो जागा असतो आणि कामाचा अर्धा भाग त्याच्याकडे असतो. त्याने शांतपणे, पूर्ण श्वास घ्यावयाचा असतो. मास्क थोडाही सैल राहिला तर बाजूने खोलीतील हवा आत शिरते, तिच्याबरोबर नत्रवायू परत येतो आणि कोठार पूर्ण भरत नाही. घाबरलेला माणूस मास्क दूर लोटतो, उथळ श्वास घेतो, मान फिरवतो. त्याला मृत्यूची चाहूल वाटत असेल तर त्याने दुसरे काय करावे? म्हणून समजावणे हे येथे सौजन्य नव्हे. ते मास्कच्या कडेइतकेच कामाचे आहे.

समजावण्यास फार शब्द लागत नाहीत. आदल्या दिवशी एवढे सांगावे: हा प्राणवायू आजार वाढला म्हणून नाही, झोपेपूर्वीची शिदोरी म्हणून आहे. मास्क घट्ट लागेल, श्वास सोडताना थोडा अडथळा वाटेल. तो हेतुपूर्वक ठेवलेला आहे. डोक्याकडची बाजू उंच असेल. तुम्ही एरवीसारखाच श्वास घ्या. आणि रुग्णानेही दोन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. उताणे निजल्यावर दम कोंडतो काय, आणि रात्री किती उशा लागतात. या दोन उत्तरांचा भूलतज्ज्ञास उपयोग होतो.

शाळांनीही या विषयाकडे पाहावे. श्वसनाचा धडा शिकवताना श्वास आणि उच्छ्वास यांची चित्रे काढून घेतली जातात. उच्छ्वासानंतर उरणाऱ्या हवेविषयी क्वचितच बोलले जाते. पाण्याच्या पेल्यातील नळीचा प्रयोग प्रत्येक वर्गात होऊ शकतो. तो केलेला मुलगा पुढे आपल्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दाराबाहेर उभा असेल, तेव्हा "ऑक्सिजन लावला" हे शब्द ऐकून तो घाबरणार नाही, आणि तिलाही घाबरू देणार नाही.

त्या संध्याकाळी मी आत्याजवळ पुन्हा बसले आणि या वेळी शब्दांचा अनुवाद न करता शिदोरीची गोष्ट सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला, "मग पाठ उंच ठेवणार ना? सपाट निजले की मला कोंडतं." मी तो प्रश्न भूलतज्ज्ञ बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, हे त्यांनी कागदावर लिहून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली. नळी पहिल्याच प्रयत्नात बसली, असे नंतर कळले. शिदोरी सोडण्याची वेळ आली नाही. आत्याला त्या तीन मिनिटांविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली की, तिने मास्क स्वतःच हाताने धरला होता.